कोळशाची बुखारी करून घेतली: शेगडीला पैकीच्या पैकी, पाईपला काठावर पास

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकणार नाही, कारण माणूस वाईट नाहीये आणि अर्धं काम त्यानं खरंच झकास केलंय. साताऱ्यात एमआयडीसीकडं त्याचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, गेट, ग्रिल, जिने, ट्रॉल्या असली कामं करतो. आमच्यासाठी त्यानं कोळशावर चालणारी बुखारी, म्हणजे खोली गरम करणारी बंद दाराची धुराडंवाली शेगडी, बनवली आणि धुराड्याच्या पाईपसकट घरी येऊन बसवून दिली. फोटो टाकल्यापासून कितीला पडली, कुठनं घेतली, घरात धूर होतो का असं विचारणाऱ्यांची लाईन लागलीय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी एवढंच, शेगडी अशा माणसाकडून बिनधास्त करून घ्या, पाईप बसवायला मात्र पत्र्याचं काम करणारा वेगळा माणूस बघा.

साताऱ्यात बुखारी कशाला असा प्रश्न येणारच. सातारा शहरात लावली तर लोक वेड्यातच काढतील, हे घर वर महाबळेश्वरच्या अलीकडं मेटगुताडच्या बाजूला आहे. आई-आबा तिथंच असतात, स्ट्रॉबेरीचं रान आहे त्यामुळं खाली यायचं नाव काढत नाहीत. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर नुसती झड, गोधडीला वास येतो, भिंतीला बुरशी, पापड तर डब्यातसुद्धा मऊ पडतात. आणि थंडीत वेण्णा लेकच्या कडेला दव गोठलं की पेपरला फोटो येतो, त्या फोटोत पर्यटक खूश दिसतात, आबांचे गुडघे दिसत नाहीत. इलेक्ट्रिक हीटर आणून झाला पण झडीत लाईट कधी जाईल नि कधी येईल याचा नेम नाही. लाकूड जाळायचं म्हणलं तर २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी सगळा इको सेन्सिटिव्ह झोन आहे, झाडाला हात लावायची सोय नाही, आणि असलेलं लाकूड पावसाळ्यात इतकं भिजलेलं असतं की जाळापेक्षा धूरच जास्त.

मग आमचे दाजी मधे पडले. दाजी अपशिंग्याचे, म्हणजे ज्या गावाला सगळे अपशिंगे मिलिटरीच म्हणतात तिथले, त्यामुळं रिटायर सुभेदार असणं हे त्यांच्याकडं विशेष समजत नाहीत. काश्मीरला पोस्टिंग झालेलं. ते म्हणाले, "आरं बुखारी करून घ्या की, आम्ही बर्फात राहिलोय तिच्यावर." त्यांची तिकडची रॉकेलवरची होती, इथं कोळशाची करायची ठरली. तयार मागवायची तर हिमाचल, काश्मीरकडनं ट्रान्सपोर्टनं यायची आणि तीही बहुतेक लाकडावरची. म्हणून साताऱ्यातच करून घेतली.

शेगडीबद्दल आधी, कारण ती कौतुकाची गोष्ट आहे. पाच एमएमच्या प्लेटचं चौकोनी खोकं, आतनं भट्टीच्या विटांचं अस्तर, वरती सपाट जाड तवा, मागनं सहा इंची पाईपचं तोंड. खाली राखेचा ड्रॉवर आणि ड्रॉवरच्या तोंडावर हवा कमी-जास्त करायची फिरती चकती. लाकडाच्या नि कोळशाच्या शेगडीत मेन फरक इथंच असतो, लाकूड राखेवर बसूनसुद्धा जळतं, त्याला वरनं हवा चालते, कोळशाला मात्र खालनं हवा लागते, जाळी चोंदली की कोळसा गुदमरलाच. त्यात आपल्याकडच्या दगडी कोळशात राख ३० ते ४० टक्के असते, म्हणजे पाटी भरून टाकला की तिसरा हिस्सा राख म्हणून परत काढायचाय. या पठ्ठ्यानं काय केलं, कोल्हापूरच्या फाउंड्रीतनं बिडाची जाड जाळी आणली आणि तिला बाहेरनं दांडा काढला, दार न उघडता दांडा दोन-चारदा मागं-पुढं केला की राख खाली ड्रॉवरमधे. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. दाराला कडेनं काचतंतूची दोरी बसवलीय त्यामुळं दार लावलं की फट राहत नाही, दोन रुपयाची नोट दारात धरून ओढून दाखवली त्यानं, निघाली नाही. (दोन रुपयाची नोट त्याच्याकडं अजून कशी काय, ते वेगळंच.) वेल्डिंग बघण्यासारखं आहे, कुठं टिपका नाही, कड हाताला लागत नाही.

आईचा रिव्ह्यू असा की तव्यावर पाण्याचं भगुनं दिवसभर कोमट राहतं आणि भाकरी होते, पण पापुद्रा चुलीवरच्यासारखा येत नाही. आबांचा रिव्ह्यू विचारू नका, ते तिथनं उठतच नाहीत.

शेगडीचे २२ हजार घेतले, पाईप आणि फिटिंगचे वेगळे. वजनाच्या हिशोबानं बघितलं तर महाग नाही, चार माणसांनी उचलून आत घेतली. खाली शहाबादी फरशी आणि फरशीखाली विटांचा एक थर, मागच्या भिंतीपासून दीड फूट सोडून. इथपर्यंत सगळं ओके.

आता पाईप.

पहिल्या दिवशी गाडीतनं जीआयचा पाईप उतरला, चकचकीत. दाजी तिथंच होते म्हणून बरं. जीआय म्हणजे वरनं जस्ताचा मुलामा, पाण्याला उत्तम, पण शेगडीच्या तोंडाशी लागणाऱ्या पाईपला नाही चालत, तिथला पाईप कोळशावर भयंकर तापतो आणि जस्त ४१९ डिग्रीला वितळतं. जस्ताची वाफ छातीत गेली की ताप भरतो हे प्रत्येक वेल्डरला माहीत असतं, याला पण माहीत होतंच, तरी "वहिनी, काळा गंजतोय ओ, हा कसा टिकाऊ" म्हणून आईलाच पटवायला लागला. दाजी म्हणाले, "मिस्त्री, टिकंल पाईप, आत माणसं टिकायला नकोत व्हय?" मग काळा एमएसचा, म्हणजे बिनमुलाम्याच्या साध्या पोलादाचा, १६ गेजचा आणला. त्यात त्याचा एक दिवस गेला आणि तो नाराज झाला, ती नाराजी पुढच्या सगळ्या कामात दिसली.

त्यानं सोपा रस्ता काढला. शेगडीच्या मागनं पाईप आडवा पश्चिमेच्या भिंतीतनं बाहेर, तिथं एल्बो म्हणजे काटकोनी वाकण, मग भिंतीला धरून वर आणि वळचणीच्या खालीच टोपी घालून संपवला. दिसायला नीटनेटकं. पण धुराडं काय जादूनं धूर ओढत नाही, आतली गरम हवा हलकी असते ती वर चढते आणि तिच्यामागनं शेगडीतला धूर ओढला जातो, पाईप जितका उभा, उंच नि आतनं गरम तितकी ओढ जास्त. प्रत्येक एल्बो ती ओढ खातो, आडवा तुकडा खातो, आणि भिंतीबाहेरचा एकेरी पाईप वरच्या थंड वाऱ्यात गार पडला की धूर अर्ध्या वाटेतच थकतो. आडवा तुकडा निदान बाहेरच्या बाजूला चढता तरी पाहिजे, फुटाला पाव इंच, याचा तर शेगडीकडंच उतरता होता, पाणसळ लावून बघितली मी.

त्याहून भारी म्हणजे जागा. पश्चिमेची भिंत ही आमच्याकडं पावसाची भिंत. पावसाळा आला की त्या बाजूला घराला झडी म्हणजे आडोशाचे कूड बांधतात, पूर्वी कोळंबाच्या गवताच्या, आता बरेचजण प्लॅस्टिकचा कागद नि पत्रे लावतात, आमच्याकडं आबांच्या हट्टानं अजून गवताच्याच. म्हणजे तापलेला पाईप बरोबर गवताच्या कुडातनं गेला असता. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, तेवढी जागा सोडून झडी बांधा. आणि पावसाळ्यात वारा पण पश्चिमेचाच, तो सरळ टोपीत घुसून धूर आत लोटणार.

पेटवल्यावर खोली धुरानं भरली. तो म्हणाला नवीन आहे, प्लेटला ऑइल असतंय, ते जळंपर्यंत धूर येणारच. ही गोष्ट खरी आहे हां, नवीन शेगडी पहिल्यांदा पेटवताना ऑइल आणि रंगाचा धूर येतोच, म्हणून पहिला जाळ अंगणात काढून करावा. पण संध्याकाळी परत तेच, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाईपच्या जॉइंटपाशी काळे ओघळ. ओघळ का, तर पाईप उलटे जोडलेले. वरच्या पाईपचं तोंड खालच्या पाईपच्या आत बसलं पाहिजे, म्हणजे आतनं उतरणारं काजळीचं पाणी आतल्या आतच खाली जाऊन जळून जातं. यानं वरचा पाईप खालच्याच्या बाहेरनं टोपीसारखा घातला होता, पावसाच्या पन्हाळीचा हिशोब त्यानं धुराला लावला.

फोन केला तर "उद्या येतो". उद्या म्हणजे कुठला उद्या ते फॅब्रिकेशनवाल्यांचं त्यांनाच ठाऊक, दिवाळीच्या तोंडावर ग्रिलची कामं असतात मान्य आहे, पण धुराची तक्रार ही ग्रिलच्या रंगासारखी थांबणारी नसते. एक स्टार इथं कापला.

शेवटी मेढ्याकडचा एक पत्रेवाला बोलावला, गोठ्यांची नि घरांची छपरं करणारा माणूस, बुखारी जन्मात बघितलेली नाही. त्यानं शेगडी बघितलीच नाही, आधी वर गेला आणि आढं कुठं, वासे कुठं, वारा कुठनं हे बघून खाली आला. शेगडीच्या मागच्या तोंडाशी एक वाकण सोडलं तर पाईप सरळ वर, पुढं एकही एल्बो नाही. छपरातनं जातो तिथं वासा नि रिपा जवळ येऊ दिल्या नाहीत, एक रीप तर कापून बाजूला आधार दिला. एकेरी तापणाऱ्या पाईपपासून लाकूड दीड फूट तरी लांब पाहिजे, तेवढी जागा छपरात मिळत नाही म्हणून छपराच्या जरा खालनं ते वर टोकापर्यंत दुहेरी पाईप केला, सहा इंचीच्या बाहेरनं दहा इंची आणि मधल्या दोन इंचात भट्टीवाले वापरतात ते सिरॅमिक वूल ठासून. (हातमोजे नि तोंडाला फडकं बांधून, ते फार खाजतं.) याचा डबल फायदा, लाकूड तापत नाही आणि बाहेरचा पाईप गार पडत नाही.

पत्र्यावर कॉलर बसवताना त्यानं जे केलं ते बघून मला पैसे वसूल वाटले. कॉलरची वरची कड आढ्याकडच्या पत्र्याच्या खाली सरकवली आणि खालची कड पत्र्याच्या वर सोडली, म्हणजे वरनं येणारं पाणी कॉलरवरनं उतरून जातं. त्यावर पाईपला एक उलटी छत्री, आणि फटीत गाडीच्या इंजिनला लावतात ते लाल सिलिकॉन. आपल्यात सर्रास भोक पाडून भोवती डांबर फासतात, डांबर तापलेल्या पाईपशेजारी, काय बोलायचं. उंची म्हणाल तर धुराडं छपरातनं निघतं तिथनं कमीत कमी तीन फूट वर आणि दहा फुटाच्या आत जे काही उंच असेल, आढं असो नाहीतर पाण्याची टाकी, त्याच्यापेक्षा दोन फूट वर. अमेरिकेत हाच हिशोब धरतात, तो पत्रेवाल्याला सांगितला तर म्हणाला आमच्या चुलीच्या धुराड्याला पण असंच करतो की. वाऱ्यासाठी तीन बाजूंनी तारांचे ताण. त्यानं मटेरियलसकट नऊ हजार घेतले, साताऱ्याच्या माणसाच्या फिटिंगपेक्षा जास्त, पण धूर त्या दिवसापासून आत आलेला नाही.

आता जरा सिरियस. धूर दिसत नाही म्हणजे सगळं ठीक असं कोळशाच्या बाबतीत अजिबात नाही. लाकूड धूर करून सांगतं तरी, लालबुंद कोळसा धूर करत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला ना वास ना रंग, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीनं घट्ट चिकटतो, डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. दर थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात त्या याच. आपल्याकडं बाळंतिणीच्या खोलीत शेकायला शेगडी ठेवायची पद्धत होतीच, पण ती घरं कौलांची, कौलातनं नि वळचणीतनं चोवीस तास हवा खेळायची. आता स्लॅब, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, दाराखाली रबर, आणि पद्धत तीच. एक किलो निव्वळ कार्बन पूर्ण जळायला साडेअकरा किलोच्या आसपास हवा लागते, ती कुठनं तरी आत यायला पाहिजे ना. आम्ही शेगडीजवळ भिंतीत खाली जाळीचं भोक ठेवलंय, आई त्यात बोळा कोंबते, आम्ही काढतो, हा कार्यक्रम चालू असतो.

साताऱ्याच्या मिस्त्रीनं पाईपमधे जी झडप बसवली होती ती पूर्ण बंद व्हायची, कोळसा वाचतो म्हणून. दाजींनी ती काढून कटरनं कोपरा उडवला, कोळशावर धुराड्याची वाट शंभर टक्के बंद होताच कामा नये. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो घ्याच, धुराचा अलार्म वेगळा असतो त्याला हा गॅस कळत नाही. आणि पेटवायच्या आधी पाईपच्या तोंडाशी पेपरचा बोळा जाळायचा, आतली गार हवा हलते, मग शेगडीच्या दारात उदबत्ती धरायची, धूर आत ओढला गेला तर पेटवा, बाहेर आला तर नका पेटवू. उदबत्तीची टेस्ट आईला लय आवडलीय, देवाची नि शेगडीची एकातच होते म्हणते.

कोळशाचं म्हणाल तर दगडी कोळसा वीटभट्टीवाल्यांच्या ओळखीनं मिळतो, चंद्रपूर-वणीकडचा, स्वस्त पडतो पण पेटायला वेळ खातो आणि सुरुवातीला वास येतो. लोणारी म्हणजे लाकडाचा कोळसा महाग, पण तो पटकन धरतो, राख कमी, महाबळेश्वरात कणसं भाजणारे तोच वापरतात त्यामुळं वर सहज मिळतो. आम्ही लोणारीवर पेटवतो आणि रात्रीसाठी वर थोडा दगडी टाकतो. पोती कोरड्यात ठेवा, भिजलेला कोळसा आधी स्वतःला वाळवण्यातच उष्णता घालवतो. खरं तर सातारा जिल्ह्यात एवढा ऊस, पाचट रानात पेटवून देतात, त्या पाचटाचा कोळसा करून कांड्या पाडायचं तंत्र पुण्याच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेनं कधीच काढलंय, २००२ साली त्याला अॅशडेन हा ऊर्जेतल्या कामाचा पुरस्कार पण मिळाला, तरी आमच्या वखारीत विचारलं की माणूस तोंडाकडं बघतो.

मेंटेनन्स फार नाही पण टाळायचा नाही. कोळशातलं गंधक आणि इथली ओल एकत्र आली की आम्ल तयार होतं आणि पाईप आतनं खातं, त्यामुळं मे महिन्यात पाऊस लागायच्या आधी खालचे पाईप उतरवून, ब्रश मारून, ठोकून आवाज ऐकायचा, भद्द वाजला तर तेवढा तुकडा बदलायचा. राख पत्र्याच्या बादलीतच, प्लॅस्टिकच्या नको, आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो. आबा राख स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यावर टाकायला निघाले होते, स्ट्रॉबेरीला जमीन जराशी आंबट लागते आणि राख नेमकी उलटी, त्यात दगडी कोळशाच्या राखेत नको ते धातू असतात. ती रस्त्याच्या खड्ड्यात जाते.

आता मिस्त्रीबद्दल शेवटचं. नंतर तो आला एकदा, बाकी राहिलेले पैसे न्यायला. वर बघितलं, पत्रेवाल्याचं काम बघितलं, बराच वेळ मान वर करून उभा होता आणि म्हणाला, "हे बरोबर केलंय." एल्बोचे आणि जीआयच्या फेरीचे पैसे त्यानं स्वतःहून कमी केले, दाराची दोरी सैल झाली होती ती फुकट बदलून दिली. पक्कं बिल मात्र शेवटपर्यंत दिलं नाही, कागदावर पेननं लिहून सही. वॉरंटी काय विचारलं तर "मी आहे की".

शेगडीला पाच पैकी पाच, फिटिंगला दोन, सर्व्हिसला अडीच. सातारा, कराड, सांगलीत स्लॅबच्या घरात, फ्लॅटमधे हौस म्हणून लावायची असेल तर माझ्याकडनं नाही, तिथं तेवढी थंडीच नाही आणि धुराडं वर न्यायला जागा नाही. पाचगणी, महाबळेश्वर, बामणोली, कासकडं पत्र्याचं किंवा कौलाचं घर असेल तर जरूर करा. ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमधे द्या, तेव्हा त्याच्याकडं कामं कमी असतात, आणि शेगडी न्यायच्या आधी पत्रेवाल्याला घर दाखवून पाईपची जागा पक्की करून घ्या, शेगडीला पाईपचं तोंड मागनं काढायचं का वरनं ते त्याच्यावर ठरतं. वरनं काढलं तर अजून एक वाकण वाचतं. ज्यांना पाहिजे त्यांनी मेसेज करा, पत्रेवाल्याला विचारून त्याचा नंबर देतो.